उघडी माती झाका: आमवात, उचापत्या बोका आणि परसातली बाग

ताई, तुमचा प्रश्न वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. धुळ्याजवळच्या गावात घर, मागे वीस बाय तीस फुटांचं परस, माती काळी. काही वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे आमवात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), जोडीला फॉलिक ॲसिड, फारच दुखलं तर वेदनाशामक गोळी. दीड वर्षाचा बोका रोपं उकरतो, वाफ्यात घाण करतो, ठिबकच्या नळ्या कुरतडतो आणि चालताना पायात येतो. घरचे म्हणतात, बोका तरी सोड नाहीतर बाग तरी सोड.

दोन्हीपैकी काहीही सोडायची गरज नाही. पण आहे ती मांडणी मात्र बदलावी लागेल. तुमच्या बऱ्याच अडचणींचं मूळ एकच आहे: जमिनीलगतची, उघडी, भुसभुशीत माती. मांजराला शी-शूसाठी नेमकी तशीच माती लागते. तीच माती मे महिन्यात दोन तासांत सुकते, पाणी घालून हात थकतात. तिच्यातच तण उगवतं आणि ते उपटताना बोटांच्या सांध्यांवर सगळ्यात वाईट ताण येतो. म्हणून माती वर उचला आणि झाका. निम्मा त्रास एवढ्यानेच कमी होतो.

वर उचलण्यासाठी दोनशे लिटरचा प्लॅस्टिक ड्रम उभा चिरून त्याची दोन पन्हाळी करणं सगळ्यात स्वस्त. एक पन्हाळ साधारण तीन फूट लांब, पावणेदोन-दोन फूट रुंद आणि अकरा इंच खोल होते. ड्रम खाण्याच्या तेलाचा किंवा सरबताच्या अर्काचा घ्या. कीटकनाशकाचा किंवा केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी भाजीसाठी वापरू नका. तळाच्या मधल्या रेषेवर १० ते १२ मिलिमीटरची आठ भोकं पाडा. लोखंडी अँगलचा स्टँड गावातला वेल्डर करून देतो, फक्त उंची तुम्ही सांगा. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा. पन्हाळीचा काठ कोपराच्या चार-पाच इंच खाली यायला हवा. पाच फूट उंचीच्या बाईसाठी तो ३२-३३ इंचांवर येतो. काठ याहून खाली ठेवला तर कंबर वाकते, वर ठेवला तर खांदे उचलावे लागतात आणि दोन्हीकडे दुसऱ्या दिवशी भोगावं लागतं. पन्हाळ भिंतीला चिकटवू नका, दोन्ही बाजूंनी हात पोहोचू द्या. एकाच बाजूने जाता येत असेल तर हात दीड फुटाच्या पलीकडे ताणावा लागणार नाही असं बघा.

बसून काम करायचं असेल तर ही पन्हाळ चालत नाही, कारण तिच्या पोटाखाली गुडघे जात नाहीत. त्यासाठी सहा इंच खोलीचे प्लॅस्टिक क्रेट टेबलावर ठेवा. मेथी, पालक, कोथिंबीर एवढ्या खोलीत मजेत येते.

स्टँडच्या प्रत्येक पायाखाली फरशीचा चौकोनी तुकडा हवाच. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ठेवलेला स्टँड पहिल्याच पावसाळ्यात एका बाजूला कलतो, आणि शंभर-सव्वाशे किलोची पन्हाळ कलली की ती सरळ करणं तुमच्या हातांचं काम नाही.

याच कारणाने पन्हाळ नुसत्या काळ्या मातीने भरू नका. सुकली की ती काठापासून सुटते, मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. एक भाग काळी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व भुईमुगाची टरफलं मिळून. शेणखत काळं, भुरभुरीत आणि वास नसलेलं हवं. खताची गोणी उघडण्याआधी वरून पाण्याचा शिडकावा करा आणि मास्क लावा. कुजलेल्या खताच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात, आणि मेथोट्रेक्झेटसारखी औषधं घेणाऱ्याने ती धूळ श्वासात घेऊ नये. ढीग खालीवर करायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

आता झाकण्याचं. इथे लोकांची चूक होते ती साहित्य निवडताना. केळीचा वाळलेला पाला आपल्याकडे मुबलक असतो, पण तो मऊ. बोक्याला आयतं अंथरूण मिळतं. नुसतं कोकोपीट पसरलं तर ते त्याला वाळूपेक्षाही जास्त आवडतं. आच्छादन टोचरं आणि जाड हवं. कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या तुराट्या कुट्टी मशीनवर दोन-तीन इंचांच्या तुकड्यांत करून घ्या. पन्हाळीत दीड इंच, जमिनीवरच्या वाफ्यात दोन ते अडीच इंच थर द्या. पऱ्हाट्यांवर न फुटलेली बोंडं लटकलेली असतील तर ती काढून जाळा, त्यांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते आणि आजूबाजूला कपाशीची शेतं आहेत. थर खोडापासून दोन बोटं लांब ठेवा, नाहीतर वाळवी आणि बुरशी दोन्ही लागतात.

बी पेरलेल्या जागी आच्छादन देता येत नाही, आणि बोका हमखास तिथेच जातो. तिथे एक इंच भोकाची कोंबडी जाळी मातीवर आडवी टाका, कापलेल्या तारांची टोकं खाली वळवा. उगवण जाळीतून सरळ वर येते. मांजराला पंजा जाळीत अडकल्याची जाणीव नको असते, ते एक-दोनदा बघून निघून जातं. जाळी कापणं आणि वाकवणं मात्र तुम्ही करू नका. त्याला लागणारा चिमटीचा जोर अंगठ्याच्या मुळाशी जातो.

एखाद्या ठिकाणी जाळी असूनही बोका पुन्हा पुन्हा उकरत असेल, तर तिथे खोकली नावाचं तण उगवलंय का बघा. काही ठिकाणी तिला कुप्पी म्हणतात. तिच्या मुळाचा वास मांजरांना वेड लावतो. मुळासकट काढून टाकली की ती जागा शांत होते.

फक्त मनाई करून मांजर ऐकत नाही, त्याला त्याची जागा द्यावी लागते. उत्तरेच्या भिंतीलगत, वर पत्रा असलेली, किमान दोन बाय तीन फुटांची चौकट करा आणि त्यात चार इंच वाळू भरा. बागेपासून दहा-बारा फूट लांब. पत्र्याखाली हवा खेळती हवी, नाहीतर मे महिन्यात वाळू तापते आणि तो परत तुमच्या गार वाफ्यात येतो. सुरुवातीला त्याने घाण केलेली थोडी माती या वाळूत मिसळा, म्हणजे वास ओळखीचा वाटतो. पावसाळ्यात वाळू भिजली तर तो तिकडे फिरकणार नाही, म्हणून पत्रा दोन्ही बाजूंनी फूटभर पुढे काढा.

ही वाळू रोज साफ झाली पाहिजे, एक दिवसाआड चालत नाही. कारण असं: मांजराला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची पहिल्यांदा लागण झाली तर एक ते तीन आठवडे त्याची अंडी विष्ठेतून पडतात, आणि विष्ठा पडल्यावर एक ते पाच दिवसांनी ती माणसाला लागण करण्याजोगी होतात. रोज काढली तर ती वेळच येत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना हे काम घरच्यांनी करावं हे उत्तम. कुणीच नसेल तर हातमोजे, मास्क, लांब दांड्याचं खोरं, आणि नंतर साबणाने हात. बोक्याला कच्चं मटण, कच्ची कोंबडी देऊ नका, शिजवूनच द्या; लागण त्याला बहुतेक वेळा शिकारीतून किंवा कच्च्या मांसातून होते. बागेतली पालेभाजी कच्ची खायची असेल तर वाहत्या पाण्यात नीट धुवा. मातीत हात घालताना हातमोजे नेहमीच हवेत, पण जाड चामड्याचे नकोत. त्यात पकड घट्ट धरावी लागते आणि बोटं लवकर दुखतात. सुती पाठ आणि रबरी तळवा असलेले पातळ मोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

बोक्याची नसबंदी झाली नसेल तर ती आधी करा. दीड वर्षाचा, नसबंदी न झालेला बोका भिंतींवर, कुंड्यांवर फवारे मारणारच, भांडून जखमा घेऊन येणारच. रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध तीन महिन्यांनी, पिसवांचं औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्याने. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध कधीही लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते. नखांची टोकं दोन-तीन आठवड्यांनी कापून घ्या. नखं घासायला दोन-अडीच फूट उंच लाकडी ओंडक्यावर बारदान किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून उभा करा, हलणार नाही असा.

तरीही ओरखडा किंवा चावा बसला तर तो साधा समजू नका. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून जखम छोटी दिसते आणि आत पू होतो. हाताच्या सांध्याजवळचा चावा तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की तुम्ही मेथोट्रेक्झेट घेता, कारण रेबीजची लस आणि सीरम किती व कसं द्यायचं हे त्यावर बदलू शकतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही सांगा. जखम पिकली किंवा ताप आला तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्झेट घ्यायची की थांबायचं, हे तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता उलट बाजू: तुमची औषधं बोक्यासाठी विष आहेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. ते औषध निकामी करायला यकृतातली जी क्रिया लागते ती मांजरात फार कमी असते. हिरड्या तपकिरी दिसणं, तोंड-पंजे सुजणं, धाप लागणं ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं मूत्रपिंड बिघडवतात. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सांध्यांना चोळायचं जेल. तुम्ही बोटांना जेल लावता, बोका मांडीवर येऊन बोटं चाटतो. फ्लर्बिप्रोफेन असलेल्या अशाच मलमामुळे पाळीव मांजरं दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. जेल लावल्यावर पूर्ण सुकेपर्यंत सुती मोजे घाला, त्या वेळात बोक्याला जवळ घेऊ नका, जेलचं फडकं उघडं टाकू नका. गोळ्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. गोळ्यांची चकाकती पाकिटं त्याला खेळणं वाटतात.

याच कारणाने मांजर पळवायचे घरगुती उपायही बंद करा. फिनाईल, डांबराच्या गोळ्या, तिखट. ते त्याच्या पंजाला लागतं, तो पंजा चाटतो. झाडांमध्ये लिली, पिवळी आणि लाल कण्हेर, सायकस, अडेनियम, एरंड, धोत्रा घराजवळ नको. लिलीचे तर परागकण चाटले तरी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अळू, मनी प्लांट, डिफेनबॅकिया यांनी तोंड जळतं, लाळ गळते. ते उंचावर टांगा. जास्वंद, गुलाब, तुळस बिनधास्त ठेवा. खतात एरंडी पेंड आणि हाडांचा चुरा नको: पहिली विषारी, दुसऱ्याच्या वासाने बोका सगळा वाफा उकरतो. निंबोळी पेंड चालते. त्याला चघळायला गवत हवं असतं, म्हणून एका क्रेटमध्ये मूठभर गहू रात्री भिजवून पेरा. आठ दिवसांत तयार. ज्वारी पेरू नका. कोवळ्या ज्वारीने गुरं दगावतात हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.

पाणी हाताने घालायचं नाही. बादली उचलणं हे तुमच्या मनगटासाठी सगळ्यात महाग काम आहे. एका पन्हाळीचं क्षेत्र साधारण अर्धा चौरस मीटर. मे महिन्यात तिला रोज चार ते पाच लिटर पाणी लागतं, थंडीत दोन लिटर पुरतं. गच्चीवरच्या टाकीतून ठिबक घेता येतं, पण दहा फूट उंचीच्या टाकीचा दाब फक्त ०.३ बारच्या आसपास असतो. दाब-नियंत्रित ड्रिपर (थेंब सोडणाऱ्या तोट्या) एवढ्या दाबाला नीट चालत नाहीत. साधे, उघडून धुता येणारे ड्रिपर किंवा नुसती ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब घ्या. टायमर लावणार असाल तर बॉल व्हॉल्व्हचा घ्या. सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकाने उघडणारे) बरेच टायमर कमी दाबाला उघडतच नाहीत. टायमर नको असेल तर लांब दांडीचा बॉल व्हॉल्व्ह बसवा, तो तळव्याने ढकलता येतो. गोल चकतीचा नळ बोटांनी पिळावा लागतो. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. महिन्यातून एकदा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. बोका बारीक नळ्या कुरतडतो कारण त्या लोंबतात आणि हलतात. १६ मिलिमीटरच्या जुन्या नळीचे तुकडे कापून त्यातून बारीक नळी ओवा आणि आच्छादनाखाली दाबा. त्याच्यासाठी सावलीत पाण्याचं पसरट भांडं दोन ठिकाणी ठेवा.

वेळेचं गणित खान्देशात अवघड आहे, कारण उन्हाळ्यात जी वेळ गार असते नेमक्या त्याच वेळी तुमचे हात आखडलेले असतात. मार्च ते जून पहाटे फक्त व्हॉल्व्ह उघडा आणि झाडं बघा. मग दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, बोटांची उघडझाप, चहा, आणि साडेसातनंतर अर्धा तास काम. नऊनंतर बाहेर नाही. राहिलेलं संध्याकाळी साडेसहानंतर. डिसेंबर-जानेवारीत हे उलटं करा: सकाळी पारा बऱ्याचदा दहाच्या खाली असतो, तेव्हा अकरा ते एक हीच तुमची वेळ. मेथोट्रेक्झेट घेतल्यावर दुसऱ्या दिवशी थकवा येत असेल तर तो दिवस बागेसाठी मोकळा सोडा. पारा ४४-४५ वर असताना शरीरातलं पाणी कमी होऊ देऊ नका. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. उलट्या-जुलाब होत असतील तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

एका कामात वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको, मग काम बदला. काम थांबवल्यावर दोन तासांनीही नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर तेवढं काम जास्त झालं, पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी फक्त पाणी. खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती सव्वा इंच जाड करा. जाड मूठ धरायला कमी जोर लागतो. कात्री रॅचेटची घ्या, ती एका फांदीला तीन-चार हलक्या दाबांत कापते.

पिकंही हात बघून निवडा. गवार आणि भेंडी रोज चिमटीने तोडावी लागतात, भेंडीची लव खाजते. ते काम मुलांना द्या. पालक, आंबट चुका, कोथिंबीर कात्रीने कापता येतात. मेथी उपटू नका, दोन बोटं ठेवून कापा. गिलके-दोडक्याचा मांडव डोक्यावर नको, छातीएवढ्या उंचीच्या तिरप्या जाळीवर चढवा. भरताची वांगी पन्हाळीत दोनच रोपं लावा, देठाला काटे असतात म्हणून कात्रीनेच काढा. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) बाग एक तृतीयांशवर आणा आणि राहिलेल्यावर ५० टक्के सावलीची शेडनेट बांधा, पश्चिमेची बाजूही झाकून. नेट ताणून, उताराने बांधा. सैल नेटच्या झोळीत बोका झोपतो आणि ती फाडतो.

तो पायात येतो ते बहुधा भुकेने किंवा खेळायला. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात चपळ असतं, म्हणजे नेमकं तुमच्या कामाच्या वेळी. बागेत जाण्याआधी दहा मिनिटं काठीला दोरी बांधून त्याला दमवा, मग खायला द्या. पोट भरल्यावर तो अंग चाटून झोपतो. त्याची थाळी दाराजवळ जमिनीवर ठेवू नका. दीड फूट उंच ओट्यावर ठेवा, तो उडी मारून जातो आणि तुमचं वाकणं वाचतं. गळ्यात घुंगरू बांधा, पण पट्टा ओढल्यावर सुटणारा हवा. स्टेरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं झाल्या असतील तर हाडं ठिसूळ असू शकतात, म्हणून मांजराला अडखळून पडणं ही छोटी गोष्ट धरू नका. चालायच्या वाटेवर फरशी, दोन फूट रुंद, आणि त्या वाटेवर एकही कुंडी नको. भिंतीच्या कठड्यावरच्या कुंड्या तारेने बांधा.

मृग लागल्यावर जमिनीवरच्या वाफ्यातलं निम्मं आच्छादन काढून टाका. ओल्या काड्यांखाली विंचू आणि साप आसरा घेतात, आणि बोका त्यांच्याशी खेळायला जातो. त्या दिवसांत आच्छादनात हात घालण्याआधी लांब काठीने हलवून बघा. संध्याकाळी बॅटरीशिवाय परसात जाऊ नका, आणि बोक्याला रात्री घरात घ्या.